ताजमहाल आणि जुने गोवे: दगडातली दोन कामे

ताजमध्ये मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवरात आधी खाच कोरतात, मग त्याच मापाचा अकीक किंवा लाजवर्द असा रंगीत दगड घासून बसवतात. एका फुलात कितीतरी तुकडे असतात. सांधा बोटाला लागत नाही, हेच खरे कसब!

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चमधली सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी वेगळी. फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराने घडवलेला, 1698 मध्ये इथे जोडलेला हा चौथरा रंगीत संगमरवर आणि जास्पर या रंगीत दगडाचा. संतांच्या आयुष्यातले प्रसंग मात्र ब्राँझच्या फलकांवर. संतांचे अवशेष असलेली वरची चांदीची पेटी त्याआधीची, 1636-37 ची, गोव्याच्याच कारागिरांची. आपल्या दमट, खाऱ्या हवेत चांदी काळवंडते, तसा ताजचा संगमरवर धुराने पिवळा पडतो. त्याला मुलतानी मातीचा लेप देतात.

बारकाव्यात ताज सरस. पण पेटी उंचावर आहे, दुर्बीण न्याच.