नव्या पिकअपची थरथर: एक अख्खा टोमॅटो सीझन चालवून झाल्यावर

पाडव्याला गाडी घेतली, आता वर्ष होत आलं, मधे टोमॅटोचा सीझन गेला, कांदा फ्लॉवर कोथिंबीर सगळं याच गाडीतनं नेलं, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. दीड टनी क्लासमधली डिझेल पिकअप आहे, मागच्या चाकांना ड्राइव्ह, मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि खालून दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा फिरता दांडा. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण या रचनेच्या कुठल्याही पिकअपला हे लागू होतं आणि आपल्या नारायणगाव, ओतूर, आळेफाटा पट्ट्यात घरटी अशीच गाडी उभी आहे.

चांगलं आधी सांगतो. इंजिनाला जोर आहे, भरलेली गाडी परत येताना माळशेज चढते तेव्हा गिअर फार खाली आणावा लागत नाही, लोडमधे तेरा-चौदाचं मायलेज देते, एसी उन्हाळ्यात पुरतो, हौद्याचा पत्रा जाड आहे. ब्रेकबद्दल तक्रार नाही. हे सगळं खरंय म्हणूनच थरथरीचा जास्त त्रास झाला, कारण बाकी गाडी मला मनापासून आवडलेली.

आता मुद्दा. डिलिव्हरी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुणे-नाशिक रोडला रिकामी गाडी पळवली तेव्हा ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग हलायला लागलं. लोड भरून वाशीला निघालो तर वेगळंच, पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मधे सीट, फ्लोअर आणि गिअरचा दांडा, सगळ्यातनं एक बारीक घुंईं अशी थरथर, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यावर पायाला लागते तशी. आणि तिसरं म्हणजे भरलेली गाडी चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला उचलली की खालून थडथडथड, दहा ते वीसच्या स्पीडमधे, मग बंद.

याला काय होतंय म्हणणाऱ्यांनी वाशीत येऊन माल उतरवताना बघावं. चार-पाच तास ती थरथर खालच्या कॅरेटला बसते, वरच्या कॅरेटचं वजन असतंच, टोमॅटो एकमेकांवर घासतो, सालीला डाग पडतो, पिकलेला असेल तर पाणी सुटतं. व्यापारी खालचं कॅरेट उपसून बघतो आणि भाव त्याच्यावर ठरतो. चुलतभावाच्या जुन्या गाडीत त्याच शेतातला, त्याच दिवशी तोडलेला माल यापेक्षा चांगला पोचायचा. शिवाय आरशाचा स्क्रू ढिला, सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला, मागच्या लाइटची वायर तुटली, आणि भाऊ आणि मी आलटून पालटून चालवतो तर दोघांच्या कमरा धरायला लागल्या.

सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा सांगितलं तर उत्तर आलं, 'नवीन आहे, पाच हजार किलोमीटरनंतर सेट होईल.' पाच हजार झाल्यावर, 'दादा, पिकअप आहे, कार नाही, थोडं राहणारच.' त्यानंतर, 'तुम्ही ओव्हरलोड करत असाल.' हे तिसरं मला फार लागलं. माझ्याकडं वजनकाट्याच्या पावत्या होत्या, सगळ्या काउंटरवर ठेवल्या, पासिंगच्या वजनाच्या आतच गाडी होती, तेव्हा विषय बंद झाला. त्या पावत्या फेकू नका कुणी, पुढं वॉरंटीत त्याच कामाला आल्या.

यातनं जे कळलं ते सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ही एक थरथर नव्हती, तीन होत्या आणि तिघींची कारणं वेगळी. एक काढली की दुसरी राहते, सर्व्हिसवाला म्हणतो काम केलंय आता हे नॅचरल आहे, आणि आपल्यालाही वाटतं की केलं ते काम फुकट गेलं. तसं नसतं. कुठल्या स्पीडला, रिकामी का भरलेली, ॲक्सिलेटर दाबताना का सोडल्यावर, हाताला जाणवतंय का बुडाला, एवढं वहीत लिहायला लागलो आणि मग गुंता सुटायला लागला. हाताला म्हणजे स्टेअरिंगला जाणवलं तर बहुतेक पुढची चाकं, सीटला आणि फ्लोअरला जाणवलं तर मागची चाकं नाहीतर शाफ्ट. आणि सपाट मोकळ्या रोडवर (घाटात अजिबात नाही) पंच्याहत्तरला असताना क्लच दाबून इंजिन खाली येऊ द्यायचं, थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा काही संबंध नाही. माझी तशीच राहिली.

स्टेअरिंगचं निघालं टायरमधे. बॅलन्सिंग दोनदा करून झालेलं, कागदावर सगळं शून्य, तरी ऐंशीला हात हलतोच. साधं बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं, त्याच्यावर गाडीचं वजन नसतं, त्यामुळं वजनाचा फरक सापडतो पण टायर गोल नसेल किंवा एका जागी कडक असेल तर ते त्याला दिसत नाही. माझी गाडी शोरूमच्या यार्डात बराच काळ एका जागी उभी होती, टायरवरचा तारखेचा आकडा बघितल्यावर लक्षात आलं. चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. एकाच जागी उभं राहून टायर खालनं चपटा बसतो, बऱ्याचदा चालवून गरम झाल्यावर सुटतो पण कधी कधी कायमचा राहतो. पुढची दोन्ही चाकं मागं टाकली तर स्टेअरिंग शांत आणि ऐंशीची थरथर सीटखाली आली, म्हणजे चोर चाकातच होता. डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून बघितलं तर एक डिस्क, म्हणजे टायर बसतो ती रिम, पण वाकडी फिरत होती. डिस्क वॉरंटीत बदलून मिळाली, टायरसाठी मात्र टायर कंपनीकडं वेगळा क्लेम करावा लागला कारण टायरची वॉरंटी गाडीवाले देत नाहीत. नवीन टायर चढवताना मी उभा राहून पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ घ्यायला लावला, पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हकडं आली की वजनं कमी लागतात.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, पावसाळ्यात रानातनं गाडी काढली की काळी माती डिस्कच्या आतल्या बाजूला थापून बसते आणि वाळली की दगड. ती एका बाजूला राहिली तर नवीकोरी गाडी पण साठ-सत्तरला हलते. बॅलन्सिंगला पैसे घालायच्या आधी पाण्याचा प्रेशर आतून मारा. अलायमेंटचं पण सांगतो, प्रत्येक वेळी मला अलायमेंट करून दिली. अलायमेंटने गाडी एका बाजूला ओढायची थांबते, टायरची झीज सरळ होते, पण थरथर सहसा त्याने जात नाही. बिल मात्र होतं.

आता घुंईं. इथं खूप दिवस गेले. सर्व्हिसचा माणूस ट्रायलला यायचा, रिकामी गाडी गावातल्या रोडवर चाळीसने फिरवायचा आणि जॉबकार्डवर लिहायचा 'प्रॉब्लेम आढळला नाही'. पुतण्या अवसरीला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला काका हे मोजता येतं. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी केलेलं, मोबाइलचा सेन्सर वापरून सेकंदाला किती थरके बसतात त्याचा आलेख काढतं. फोन दोन सीटच्या मधे घट्ट टेपने चिकटवला, मी बरोबर बहात्तरला गाडी धरली, तो बाजूला बसून रेकॉर्ड करत होता.

हिशोब त्याने कागदावर मांडून दाखवला तो मला आयुष्यभर लक्षात राहील. ताशी बहात्तर म्हणजे सेकंदाला २० मीटर. माझ्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला नऊ फेरे मारतं. मागच्या एक्सलमधल्या क्राऊन गिअरचा रेशो ४.१, म्हणजे शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरतो, सदतीस फेरे. आता थरथर चाकाची असेल तर आलेखात टोक नऊला पाहिजे, शाफ्टची असेल तर सदतीसला. टोक आलं सदतीसच्या आसपास. स्पीड साठ केला तर टोक खाली सरकून एकतीसला, परत हिशोबात बसलं. नऊची थरथर डोळ्याला हलल्यासारखी दिसते, सदतीसची अंगात घुमते, हा फरक नंतर मला फोनशिवाय पण कळायला लागला. तुमच्या गाडीचा टायर आणि रेशो वेगळा असेल, आकडे स्वतःचे घालायचे, रीत तीच.

तो आलेख, वजनकाट्याच्या पावत्या आणि आधीची सगळी जॉबकार्डं एकत्र मेल केली. नवीन जॉबकार्डवर 'व्हायब्रेशन चेक करणे' असं मी लिहूच दिलं नाही, पूर्ण वाक्य लिहून घेतलं: भरलेल्या गाडीत ६५ ते ७५ स्पीडला सीट व फ्लोअरला थरथर, ट्रायल लोडसहित घ्यावी. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. बरेच जण म्हणतात धंद्याची गाडी आहे, ग्राहक कायदा लागू होत नाही, पण २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. आम्ही दोघं भाऊ स्वतः चालवतो. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत किमतीचं प्रकरण जातं आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही, कंपनीचा एरिया इंजिनिअर स्वतः आला.

त्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्याने हौद्यात पोती टाकायला लावली, माझ्या शेजारी बसून आळेफाट्यापासून बोट्याच्या दिशेनं आला आणि पंच्याहत्तरला म्हणाला, 'हो, आहे.' एवढं ऐकायला इतके महिने लागले. गाडी वर घेऊन शाफ्टला गेज लावला तर मागचा तुकडा मधे वाकडा फिरत होता, डोळ्याला दिसणार नाही इतका. शाफ्ट वॉरंटीत बदलला. घुंईं गेली, आणि थोडीफार नाही, पूर्ण गेली. त्या रात्री भरून वाशीला गेलो, कल्याणच्या पुढं शिळफाट्यापर्यंत भाऊ शेजारी गाढ झोपलेला, या गाडीत तसा तो कधी झोपला नव्हता.

राहिली चढावरची थडथड. शाफ्टच्या टोकांना जे क्रॉस, म्हणजे वळते सांधे, असतात ते वाकड्या अँगलवर फिरतात तेव्हा एका बाजूने फिरणं एकसारखं असलं तरी दुसऱ्या बाजूला प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू असं होतं. पुढचा आणि मागचा क्रॉस बरोबर जुळवलेले असले, अँगल सारखे असले, तर एकाचं दुसऱ्यात मिटतं. म्हणूनच शाफ्ट उतरवताना खुणा करायच्या आणि त्याच खुणांवर परत बसवायचा, एक दातरा जरी चुकला तरी नवा त्रास सुरू. आता गाडी भरली की पाटे सपाट होतात, हौजिंग (मागच्या एक्सलचा खोका) चॅसीच्या जवळ वर येतं, त्यात पहिल्या गिअरचा जोर बसला की हौजिंगचं तोंड वर उचलतं, आणि रिकाम्या गाडीवर जुळवलेला अँगल बिघडतो. शाफ्टचे दोन तुकडे जिथं जुळतात तिथं त्याला धरणाऱ्या सेंटर बेअरिंगला सगळा मार बसतो. इंजिनिअरने मागच्या एक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळले, सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली वॉशर देऊन ते थोडं खाली घेतलं आणि भरलेल्या गाडीवर अँगल परत मोजला. थडथड बरीच कमी झाली, पण फुल लोडमधे खड्या चढावर अजून येते. क्लच हळू सोडून आणि पहिल्या गिअरला ॲक्सिलेटर कमी ठेवून जवळजवळ जाणवत नाही, पण आहे. जॉबकार्डवर तसंच लिहून घेतलंय, 'अंशतः सुधारणा', म्हणजे वॉरंटी संपल्यावर हा विषय नवा म्हणून धरता येणार नाही.

घेणाऱ्यांसाठी: शोरूमच्या डेमो गाडीवर ट्रायल घेऊन सही करू नका, तुमच्या चॅसी नंबरची गाडी मागा आणि हौद्यात सात-आठ पोती टाकून हायवेला ऐंशीपर्यंत न्या, एका ठिकाणी चढावर थांबवून परत उचला. चारही टायरचे आकडे बघा, स्टेपनीचा पण. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघा, पैसे आपले आहेत आणि हप्ते पुढची चार-पाच वर्षं आपणच भरणार आहोत. टायरची हवा रिकाम्याला आणि भरलेल्याला वेगळी असते, दाराच्या स्टिकरवर दोन्ही दिलेलं असतं, रिकामी गाडी लोडच्या हवेवर पळवली की मागचा हौदा उड्या मारतो आणि लोक त्यालाच व्हायब्रेशन समजतात. आपल्या गाडीला क्रॉसचे ग्रीस निपल असतील तर पावसाळ्यानंतर ग्रीस मारायला सांगा, सांगितल्याशिवाय मारत नाहीत.

पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत सेंटर बेअरिंगचं रबर परत बघून घ्यायची तारीख घेतलीय, त्याच वेळी भरलेल्या गाडीवर अँगल पण पुन्हा मोजायला सांगितलाय. गाडी विकायचा विचार मधे दोनदा आला होता, आता नाही. वाशीतल्या आमच्या व्यापाऱ्याने मागच्या खेपेला खालचं कॅरेट उपसलं आणि वरच्या कॅरेटचाच भाव लावला.