सिमएचवर डीझेड 11 च्या आठ लाइनी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी मांडणी सांगून टाकतो. इंदुरात रामबागेतली एक खोली, एक छोटा पीसी, त्यावर डेबियन लिनक्स, त्यावर सिमएच या जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची (एम्युलेटरची) मालिका 4, आणि सिमएचच्या पोटात पीडीपी-11/70 हा जुना संगणक. मेमरी 4 मेगाबाइट, प्रणाली 2.11 बीएसडी, म्हणजे जुनं युनिक्स. डीझेड 11 म्हणजे संगणकाला अनेक टर्मिनल जोडणारं कार्ड; त्याच्या आठ लाइनींपैकी सहा टेलनेटवर (नेटवर्कवरून) आणि दोन खऱ्या तारेवर, त्यातल्या एकीच्या टोकाला व्हीटी 220 हे जुनं टर्मिनल. वापरणारे चार-पाच जण. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या; इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

बॉब सुपनिक यांनी 1993 मध्ये सुरू केलेला हा एम्युलेटर लाइनींचं काम चोख करतो. तरीही "लाइन लागत नाही" ही तक्रार सतत येते, कारण एकच लाइन तीन जागी जुळावी लागते: आतल्या युनिक्सच्या तक्त्यात, सिमएचच्या अटॅचमध्ये (लाइन पोर्टला जोडणाऱ्या आज्ञेत) आणि बाहेरच्या तारेत. तिन्हीपैकी कुठं फसलंय हे स्क्रीनवर कधीच लिहून येत नाही. आमचे निम्मे दिवस तार तपासण्यात गेले आणि चूक तक्त्यात निघाली. उरलेले निम्मे उलट.

सुरुवातीची फाइल छोटीच आहे:

सेट सीपीयू 11/70 4एम
सेट सीपीयू आयडल
सेट कन्सोल डब्ल्यूआरयू=36
सेट डीझेड लाइन्स=8
अटॅच -एएम डीझेड 10023

क्रम महत्त्वाचा. लाइनींची संख्या अटॅचच्या आधी ठरवायची, आणि ती आठच्या पटीतच. नंतर वाढवायची तर आधी डिटॅच. आयडलची ओळ विसरलात तर आत कुणी काही करत नसतानाही होस्टचा (बाहेरच्या पीसीचा) एक कोअर शंभर टक्के पळत राहतो. इंदूरच्या मे महिन्यात पंखा लगेच ओरडून सांगतो, वेगळं मोजायला नको.

तिसऱ्या ओळीबद्दल जरा सविस्तर. सिमएच थांबवून त्याच्या स्वतःच्या प्रॉम्प्टवर आणणारी की मुळात कंट्रोल-ई असते. कन्सोलवर (यंत्राच्या मुख्य टर्मिनलवर) बसून संपादकात ओळीच्या शेवटी जायला कुणी सवयीनं कंट्रोल-ई दाबलं की सगळ्या लाइनींवरचे सगळे एकदम थिजतात. म्हणून ती कंट्रोल-कॅरेटवर नेली. गंमत अशी की हा आकडा सिमएच त्या त्या यंत्राच्या पायात (संख्यापद्धतीत) वाचतो. पीडीपी-11 वर ऑक्टल, म्हणून 36. व्हॅक्सवर हेक्साडेसिमल, तिथं त्याच कीसाठी 1ई लिहायचं. पीडीपीची फाइल तशीच व्हॅक्सला चिकटवलीत तर हेक्स 36 म्हणजे साधा आकडा 6, आणि मग कन्सोलवर 6 टाइप केला की यंत्र थांबतं. कंट्रोल-चौकटीकंस मात्र निवडू नका, तो टेलनेट स्वतःसाठी ठेवतो.

कन्सोल टेलनेटवर टाकायचा असेल तर एक सापळा आहे. नुसतं सेट कन्सोल टेलनेट=2323 दिलं तर सिमएच सुरू होताना कुणीतरी जोडणी करेपर्यंत वाट बघत बसतो, आणि चालू असताना ती जोडणी तुटली तर यंत्रच थांबवतो. रात्री वीज गेली, पीसी आपोआप परत उठला, आणि सकाळी आठही लाइनी मेलेल्या, याचं कारण हे. पुढची ओळ सेट कन्सोल टेलनेट=बफर्ड अशी हवी; मग कन्सोलवर कुणी नसलं तरी गाडी चालते आणि छापलेलं साठून राहतं. शिवाय सेट कन्सोल लॉग देऊन कन्सोल फाइलीत उतरवून ठेवा. आणि कन्सोलवर रोजचं काम करू नका, लॉगिनसाठी डीझेड आहे ना.

आता आतला तक्ता. बूट होताना 2.11 बीएसडी प्रत्येक उपकरण सापडलं की नाही ते छापतं. डीझेडसमोर 160100 हा पत्ता आणि 300 हा व्हेक्टर (इंटरप्टची जागा) दिसला पाहिजे. सिमएचमध्ये शो डीझेड केलं तर पत्ता 17760100 दिसतो. घाबरू नका, दोन्ही एकच. एक 16 बिटांत लिहिलाय, दुसरा 22 बिटांत. खरी अडचण वेगळी. डीझेडचा पत्ता तरंगता असतो, म्हणजे त्याच्या रांगेत आधी येणारं डीयूपी किंवा डीएमसीसारखं उपकरण चालू केलं की डीझेड पुढं सरकतो. कर्नलचा तक्ता मात्र 160100 लाच चिकटून बसतो. काल चालणाऱ्या आठ लाइनी आज एकदम गायब झाल्या तर तारेला हात लावू नका, आधी शो डीझेड बघा. लाइनी 16 केल्या तर दुसरा डीझेड 160110 वर आणि व्हेक्टर 310 वर बसतो. त्याची नोंद वेगळी करावी लागते.

उपकरण सापडलं तरी लॉगिन प्रॉम्प्ट लगेच येत नाही. ईटीसीमधल्या टीटीवायएस फाइलीत टीटीवाय00 ते टीटीवाय07 या नोंदी "ऑफ" असतील तर "ऑन" करायच्या, गेटीचा (लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रामचा) प्रकार एसटीडी.9600 आणि टर्मिनलचा व्हीटी100 ठेवायचा, मग किल -1 1 देऊन इनिटला फाइल पुन्हा वाचायला लावायची. ही शेवटची आज्ञा विसरल्यामुळं वाया गेलेल्या संध्याकाळी मोजण्यासारख्या आहेत.

टेलनेटची बाजू मस्त आहे. 10023 वर जोडलं की कोणती लाइन मिळाली ते सिमएच सांगतो. रिकामी असलेली पुढची लाइन देतो, निवड आपल्या हाती नाही. कुणाला ठराविक लाइनच हवी असेल तर अटॅच डीझेड लाइन=3,10026 असं तिला वेगळं पोर्ट द्या. शो डीझेड कनेक्शन्स दिलं की कोण कुठून किती वेळ बसलंय ते दिसतं; सेट डीझेड डिस्कनेक्ट=3 नं लाइन 3 वरच्याला उठवता येतं. पुटी या टेलनेट प्रोग्रामात "रॉ" निवडलंत तर सुरुवातीलाच चार-सहा विचित्र अक्षरं दिसतील, ती टेलनेटची आपसातली बोलणी आहेत; "टेलनेट" निवडा.

वरच्या फाइलीतलं -एएम का? ते नसेल तर डीझेड असं वागतो जणू टर्मिनल कायमचं तारेनं जोडलेलं आहे. कुणी लॉगआउट न करता खिडकी बंद केली तर आतल्या युनिक्सला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि त्या लाइनीवर पुढं येणारा माणूस थेट आधीच्याच्या शेलमध्ये उतरतो. आधीचा रूट असेल तर बघायलाच नको. एम मोडेमच्या खुणा चालू करतो, ए आतून डीटीआर (तयार असल्याची खूण) पडला की टेलनेट तोडतो. हवेत दोन्ही. सगळी जोडणी उघड्या टेलनेटवर असल्यानं पोर्ट फक्त 127.0.0.1 वर बांधून बाहेरच्यांना एसएसएच बोगद्यातून (कूटबद्ध जोडणीतून) आणा. सेट रिमोट टेलनेटनं मिळणाऱ्या दूरच्या कन्सोलला तर पासवर्डच नसतो.

पण हीच एमची खूण खऱ्या तारेवर नडते, कारण ती लाइनीगणिक नाही, पूर्ण डीझेडला लागू होते. तीन तारांच्या केबलवर कॅरिअर (समोर कुणी जोडलेलं असल्याची खूण) कधी येतच नाही, गेटी लाइन उघडायची वाट बघत अडकून राहतो आणि टर्मिनल कोरं. उपाय: यूएसबी अडॅप्टरच्या बाजूच्या 9 पिनी शेलमध्ये 4, 1 आणि 6 एकमेकांना जोडा. आतून डीटीआर वर गेला की तोच कॅरिअर म्हणून परत येतो. तोटा असा की टर्मिनल बंद केलं तरी लॉगिन तसंच राहतं.

तारेवरची लाइन सिमएचमध्ये अशी: अटॅच डीझेड लाइन=7,कनेक्ट=सेर0;9600-8एन1. होस्टवर कोणते पोर्ट आहेत ते शो सीरियल सांगतं. यूएसबी अडॅप्टर काढून लावला की क्रमांक बदलतात, म्हणून सेर0 ऐवजी सीरियल/बाय-आयडीतलं लांबलचक नाव द्या. स्वस्त सीएच 340 चिपच्या अडॅप्टरमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, तसले दोन लावलेत तर बाय-पाथ वापरा. उबुंटू 22.04 असेल तर सीएच 340 वर ब्रेलसाठीचं बीआरएलटीटी झडप घालतं आणि पोर्ट दिसेनासाच होतो. लागत नसेल तर ते काढून टाका. लॉगिन प्रॉम्प्टवर आपोआप "एटी" उमटत असेल तर तो मोडेममॅनेजर (मोडेम शोधणारी लिनक्सची सेवा), त्यालाही बंद करा.

वेगाचं एक लक्षात ठेवा: अटॅचमध्ये काहीही लिहिलं तरी शेवटी आतल्या गेटीनं डीझेडला जो वेग सांगितला तोच पोर्टला लागतो. डीझेड 11 ची मर्यादा 9600, तेव्हा टर्मिनलवर 19200 लावून काही साधत नाही.

केबल. व्हीटी 220 ला 25 पिनी जोड, अडॅप्टरला 9 पिनी. दोन्ही टोकं टर्मिनल जातीची, म्हणून "2 आणि 3 उलटे करा" असं डोक्यात असतं. इथंच गफलत होते. 25 पिनीत 2 वरून डेटा बाहेर जातो आणि 3 वर आत येतो. 9 पिनीत नेमकं उलट. म्हणजे क्रमांक मुळातच उलटलेले आहेत. सरळ 2 ला 2, 3 ला 3 आणि 7 ला 5 जोडलं की झालं. जेल रोडवर तयार मिळणारी 25 ते 9 ची केबल मोडेमसाठी असते, ती टर्मिनलला चालत नाही. दोन शेल, 3 कोअरची शील्डेड तार आणि थोडी हीट-श्रिंक घेऊन स्वतः डाग द्या. शंका असेल तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून जमिनीच्या पिनेपासून मोजा: शांत लाइनीत जी पिन उणे 5 किंवा त्याखाली दाखवते ती बोलणारी, शून्याजवळची ती ऐकणारी. बोलणारी ऐकणाऱ्याला मिळाली पाहिजे. तीच पिन अधिक 3.3 किंवा 5 दाखवत असेल तर हातात टीटीएल (कमी व्होल्टच्या) पातळीचं अडॅप्टर आलंय. दुकानदारानं "सब एक ही है भिया" म्हटलं तरी परत करा.

लूपबॅकनं (पाठवलेलं स्वतःकडेच परत वळवून) तार तपासायची असेल तर त्या लाइनीचा गेटी आधी "ऑफ" करा. नाहीतर गेटी स्वतःचंच "लॉगिन" हे नाव समजून वाचतो, पासवर्ड विचारतो, तोही स्वतःच देतो, आणि हे अखंड चालतं.

व्हीटी 220 च्या सेट-अपमध्ये 8 बिट, पॅरिटी नाही, डेटा लीड्स ओन्ली, आणि एक्सऑफ ("थांब" ही खूण) 64 वर. 128 वर ठेवलं आणि स्मूथ स्क्रोल चालू असला की लांब यादीत मधल्या ओळी गळतात. टर्मिनलनं "थांब" म्हटलं तरी यूएसबी अडॅप्टरच्या बफरात आधीच शिरलेली अक्षरं यायची थांबत नाहीत, आणि 128 वर त्यांच्यासाठी जागा कमी उरते. आत एसटीटीवाय डीईसीसीटीएलक्यू द्या. ते नसेल तर थांबलेलं आउटपुट कुठल्याही कीनं सुरू होतं आणि टर्मिनलनं केलेली विनवणी वाया जाते.

आठव्या बिटाचं प्रकरण मराठीवाल्यांसाठी वेगळं लिहायला हवं. जुन्या फाइली इस्कीत, म्हणजे भारतीय मानक 13194 च्या 1991 च्या आवृत्तीत असतील तर प्रत्येक देवनागरी अक्षराचा वरचा बिट 1 असतो. वाटेत कुठंही 7 बी (सात बिटांची मर्यादा) लागलं असेल तर "कखग" च्या जागी "345" दिसतं, कारण क चा हेक्स बी3 वरचा बिट गेल्यावर 33 होतो आणि 33 म्हणजे आकडा 3. मजकुरात असे अर्थहीन आकडे दिसले की फाइल बिघडलेली नाही, बिट कापला जातोय. सेट डीझेड 8बी आणि आत एसटीटीवाय पास8, दोन्ही लागतात. त्यानंतरही आजचं टर्मिनल युनिकोड मागतं, म्हणून इस्की वाचण्यापूर्वी रूपांतर आलंच. पण निदान बाइट शाबूत बाहेर पडतात.

कन्सोलवर चिकटवणं ही मात्र खरोखर वैतागाची गोष्ट. दोनशे ओळी एकदम पेस्ट केल्या की आतली रांग भरते आणि अक्षरं गुपचूप गळतात. डीझेडवरही ग्रहणाची रांग 64 अक्षरांचीच. छोट्या कामाला सिमएचची सेंड आज्ञा डिले देऊन वापरता येते, एक्स्पेक्टसोबत तर बूटचे प्रश्नही आपोआप उत्तरले जातात. मोठ्या फाइलींसाठी लाइनींचा नाद सोडा, आभासी टेप बनवून आत टारनं उतरवा.

गुण: टेलनेट लाइनींना पाचपैकी पाच, खऱ्या तारेला साडेतीन, कागदपत्रांना दोन. माहिती सगळी आहे, पण -एम च्या परिणामासारखी गोष्ट एका वाक्यात उरकलेली. मालिका 3 वर असाल तर डीझेडला खरा पोर्ट जोडता येत नाही, त्यासाठी 4 वर यावंच लागतं. 2022 मध्ये परवान्यावरून वाट फुटून ओपन सिमएच वेगळं झालं. जी शाखा घ्याल तिचा आवृत्ती क्रमांक सुरुवातीच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत टिप्पणी म्हणून लिहून ठेवा.