'द मिस्ट': शेवटाला शिव्या घालण्याआधी एकदा नीट पाहा

सूचना: पुढे शेवट पूर्ण उघड केला आहे. सिनेमा पाहिला नसेल तर हे नंतर वाचा.

फ्रँक डॅराबाँटचा 'द मिस्ट' नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा प्रेक्षकांचा संताप झाला होता. सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेऊन सिनेमाला श्रेणी देते. तिथे याला 'सी' मिळाली. भयपटांना तिथे एरवीही हात आखडूनच श्रेणी मिळते, तरीही 'सी' म्हणजे लोक नाराज होऊन घरी गेले. पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात सुमारे पाच कोटी सत्तर लाख कमावले, म्हणजे तो आपटला नाही. पण भांडण लागलं ते शेवटावर, आणि ते अजून मिटलेलं नाही.

मूळ गोष्ट स्टीफन किंगची, १९८० ची लघुकादंबरी. गावावर धुकं उतरतं, धुक्यात काहीतरी आहे, आणि माणसं सुपरमार्केटात अडकतात. किंगने शेवट उघडा ठेवला आहे: डेव्हिड, त्याचा मुलगा बिली आणि आणखी दोघी गाडीतून निघतात, रेडिओच्या खरखरीत एका शहराचं नाव ऐकू आल्यासारखं वाटतं, आणि गोष्ट थांबते. पण सिनेमाच्या शेवटाचं बी तिथेच आहे, हे रागावलेल्या अनेकांच्या नजरेतून सुटतं. पुस्तकातला डेव्हिड मनाशी हिशेब करतो: पिस्तुलात गोळ्या तीन, माणसं चार, वेळ आलीच तर स्वतःचं दुसऱ्या मार्गाने बघू. डॅराबाँटने गाडीत एक माणूस वाढवला, एक गोळी वाढवली आणि तो हिशेब पुरा केला. त्यामुळे 'पुस्तकाचा शेवट बदलून वाट लावली' हा आरोप टिकत नाही. पुस्तकात जे नुसतं मनात येऊन जातं, ते इथे घडतं. खुद्द किंगला हा शेवट आवडला आणि त्याने ते उघडपणे सांगितलं आहे.

तयारी पहिल्यापासून चालू असते. धुकं उतरल्यावर थोड्याच वेळात एक बाई उभी राहते. घरी लहान मुलं एकटी आहेत, मला कुणी सोडायला येईल का, असं ती एकेकाला विचारते. कुणी येत नाही, डेव्हिडही नाही. त्यालाही पोर आहे, आणि त्याचं कारण ऐकताना आपण मान डोलावतो. ती सगळ्यांना तळतळाट देऊन एकटीच धुक्यात शिरते. मग बिली बापाकडून वचन घेतो, की राक्षसांना मला पकडू देऊ नकोस. त्यानंतर पार्किंगमधली धावपळ. पिस्तूल ज्याच्याकडे आहे तो ऑली मरतो आणि पिस्तूल गाडीच्या बॉनेटवर पडतं. दारं लागलेली, सगळे आत, आता निघायचं. आणि डेव्हिड हात बाहेर काढून ते पिस्तूल ओढून घेतो. त्या क्षणी ते हुशारीचं वाटतं. दुसऱ्यांदा पाहताना तिथेच पोटात गोळा येतो.

वाटेत तो घरी जातो आणि बायको मेलेली दिसते. पुस्तकात रस्ता बंद असल्याने तो घरापर्यंत पोचतच नाही, तिचं काय झालं ते कळत नाही. सिनेमाने ती फटही बुजवली. पुस्तकात डेव्हिड सुपरमार्केटात सोबत अडकलेल्या अमांडाशी संबंध ठेवतो, तेही इथे गाळलं आहे, आणि ते फार शहाणपणाचं झालं. नाहीतर 'केल्याचं फळ मिळालं' म्हणायला प्रेक्षकाला जागा राहिली असती. इथे बापाकडे बोट दाखवायला काही नाही, म्हणून राग दिग्दर्शकावर निघतो.

पेट्रोल संपतं. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात, बोलणं जवळजवळ नाही. बिली जागा होतो. कॅमेरा बाहेर जातो आणि काचेआड चार वेळा गोळीचा उजेड चमकतो: डेव्हिडने बिलीसकट चौघांना मारलं आहे, स्वतःसाठी गोळी उरलेली नाही. डेव्हिड बाहेर येऊन धुक्यातल्या राक्षसांना ओरडून बोलावतो, आणि धुक्यातून रणगाडा येतो. मागून ट्रक, त्यात वाचलेली माणसं, आणि त्यांच्यात ती बाई, दोन्ही पोरांसकट. ती त्याच्याकडे बघते आणि ट्रक पुढे जातो.

आक्षेपांपैकी दोन गंभीर आहेत. पहिला: इतका झुंजलेला माणूस इतक्या लवकर हार कसा मानतो? यात तथ्य आहे. गाडीवर हल्ला चालू नसतो, फक्त लांबून आवाज येतात. डॅराबाँटने त्या प्रसंगाला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता. एक रात्र गाडीत बसून काढलेली दाखवली असती तरी निर्णय जास्त पटला असता. सिनेमाची खरी कमजोरी ही एवढीच. दुसरा आक्षेप असा, की सुपरमार्केटात देवाच्या नावाने लोकांना भडकवणारी मिसेस कारमोडी बिलीचा बळी मागत होती, पोर मरतं आणि धुकं हटतं, म्हणजे तीच खरी ठरली का? नाही. लष्कर तोवर कामाला लागलेलं होतं, आणि जिने कुणाचंच ऐकलं नाही ती बाई ट्रकवर जिवंत उभी आहे. मार्शिया गे हार्डनने कारमोडी इतकी धारदार केली आहे, की तिला गोळी लागते तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. त्याच पिस्तुलाने पुढे काय होतं ते बघितलं, की तो श्वास आठवून अस्वस्थ व्हायला होतं.

शेवट गोड केला की लोक खूश होतात, हेही दरवेळी खरं नसतं. किंगच्याच १९८१ च्या 'कुजो' कादंबरीत मुलगा मरतो, १९८३ च्या सिनेमात वाचतो. तिथे ते चालून गेलं. पण टिम क्राबेच्या कादंबरीवरचा १९८८ चा डच सिनेमा 'स्पूरलूस' घ्या. १९९३ मध्ये त्याच दिग्दर्शकाने, जॉर्ज स्लायझरने, हॉलिवूडसाठी तो पुन्हा काढला आणि नायकाला वाचवलं. गोष्टीचा कणाच गेला. आज लोक शोधून पाहतात तो डच.

आता आवृत्तीबद्दल. दोन डिस्कचा संच घ्या; त्यात रंगीत प्रतीबरोबर कृष्णधवल प्रतही आहे. डॅराबाँटला सिनेमा असाच हवा होता. मालगोदामात राक्षसाच्या सोंडेसारख्या शुंडा शिरतात तो प्रसंग रंगीत प्रतीत सरळ संगणकी दिसतो. रंग काढल्यावर कडा धुक्यात मिसळतात आणि भीती बसते. पण शेवट मात्र रंगीतच पाहा: एवढ्या पांढऱ्या-करड्यानंतर सैनिक फेकत असलेल्या ज्वाळांचा नारिंगी रंग डोळ्यांवर आदळतो, कृष्णधवलमध्ये तो जातो. शेवटाला 'डेड कॅन डान्स' या बँडचं गाणं आहे, संवाद नाममात्र. कुजबुज ऐकायला आवाज वाढवून ठेवलात तर गोळ्यांच्या आवाजाने दचकाल, म्हणून पेट्रोल संपायच्या आधीच आवाज बेताचा करा. पुस्तक वाचायचं असेल तर आधी वाचा. नंतर वाचलंत तर त्यातला तीन गोळ्यांचा हिशेब निव्वळ हिशेब म्हणून वाचता येणार नाही.

आणि घरी बिलीच्या वयाचं मूल असेल तर हा सिनेमा रात्री एकट्याने लावू नका. पाचपैकी साडेचार; अर्धा त्या न दाखवलेल्या रात्रीसाठी कापला.