केंट्रिजचं ‘सेकंड-हँड रीडिंग’: आठ महिने हाताळल्यानंतर

दक्षिण आफ्रिकेचा चित्रकार विल्यम केंट्रिज याची ‘सेकंड-हँड रीडिंग’ ही 2013 ची फिल्म जेमतेम सात मिनिटांची. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या जुन्या पानांवर चित्रं काढून केलेली, संगीत तिथल्याच निओ मुयांगा या संगीतकाराचं. 2014 मध्ये जोहान्सबर्गहून त्याच नावाचं 800 पृष्ठांचं जाडजूड फ्लिपबुक निघालं, म्हणजे पानं भराभर उलटली की चित्रं हलताना दिसतात असं पुस्तक. फिल्म घरबसल्या बघता येईल म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका.

हिशेब साधा आहे. 800 पृष्ठं म्हणजे 400 पानं. अंगठ्याखालून सेकंदाला दहा-बारा पानं सुटली, तर अख्खं पुस्तक चाळिसेक सेकंदांत संपतं, तेही संगीताशिवाय.

मजा वेगळीकडे आहे. 1989 पासूनच्या केंट्रिजच्या कोळशाने काढलेल्या फिल्म्समध्ये एकाच कागदावर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं, आणि पुसल्याचे डाग तसेच ठेवायचे, अशी रीत. इथे जवळपास दर चित्राला नवं पान. म्हणून चित्रातला चालणारा माणूस पुढे सरकतो तेव्हा त्याच्यामागचा छापील मजकूर सारखा थरथरत असतो. पडद्यावर ती नुसती थरथर. पुस्तकात अंगठा थांबवला की पायाखालचा शब्द, त्याचा अर्थ, शेजारची नोंद, सगळं वाचता येतं. पहिल्या महिन्यात भराभर उलटवणंच होतं, पुढे थांबणं वाढत जातं.

आता हाताळणी. हातात धरून एका दमात उलटवायचा प्रयत्न सोडून द्या, मनगट दुखतं आणि पुस्तकाच्या कण्यावर ताण येतो. पुस्तक टेबलावर ठेवा, डाव्या हाताने कण्याजवळ दाबा, उजव्या अंगठ्याने साधारण शंभर पानांची थप्पी किंचित वाकवून सोडा. मग पुढची शंभर. हातमोजे नकोत, अंगठ्याला पानाची कड कळतच नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे केले की पुरे.

दोन-तीन पानं एकदम सुटली की चित्र उडी मारतं. शंका असेल तर फोनवर सेकंदाला 120 फ्रेम्सच्या स्लो मोशनमध्ये उलटवणं टिपा, कुठे अडकतंय ते लगेच दिसतं. बहुतेक वेळा दोष दमटपणाचा. जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओल धरतो, मोकळी कड लाटांसारखी होते, पानं एकमेकांना चिकटून सुटतात. आधी थप्पी हलकेच पंख्यासारखी पसरवून मोकळी करावी. तरी चिकटत असतील तर त्या दिवशी पुस्तक मिटलेलंच बरं.

कपाटात उभं ठेवू नका. एवढ्या पानांचं वजन खाली ओढतं आणि बांधणी सैल होते. आडवं ठेवा, वर दुसरं काही नको. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची 50 ग्रॅमची पुडी, रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरायचे. कसर लागू नये म्हणून पानांत कडुलिंबाचा पाला घालायची आजीची युक्ती इथे नको, डाग पडतात. डांबरगोळ्याही नकोत, वास कागदात मुरतो.

एक प्रयोग मात्र जरूर करा: मागून पुढे उलटवा. थप्पी डाव्या हातात घेऊन पानं उजवीकडे सोडत गेलं, की माणूस आला त्या वाटेने उलटा चालत परत जातो, आणि त्याची चाल तुमच्या अंगठ्यावर.