मुंबईतल्या जुन्या छापखान्यांची पायी फेरी: जरूर करा, पण सकाळची

काळबादेवी ते हॉर्निमन सर्कल. माणशी ६०० रुपये, साधारण तीन तास, छोटा गट. फेरी चालवणाऱ्या ताई सगळं एकट्या सांभाळतात आणि जाहिरात नको म्हणतात, म्हणून नाव देत नाही. मी तरुणपणी गिरगावात जुळारी, म्हणजे छपाईसाठी एकेक अक्षर जुळवणारा कामगार, होतो, त्यामुळे जरा कडक नजरेनंच गेलो होतो.

आपल्याकडे वृत्तपत्रांचा इतिहास म्हटलं की संपादकांचाच. ती माणसं थोर होतीच. पण त्यांचा मजकूर उभ्याने, कंदिलाच्या उजेडात शिशात उतरवणारा माणूस कुठे दिसत नाही. या फेरीत मान त्याला आहे, आणि म्हणूनच मला ती फार आवडली.

कोलभाट गल्लीत निर्णयसागरची गोष्ट ऐकली. जावजी दादाजी पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, घासायचे. त्याच माणसानं १८६९ मध्ये स्वतःचा छापखाना उभारला आणि त्याचं देवनागरी वळण देशभर नावाजलं गेलं. मग ताईंनी पिशवीतून स्टिक (खिळे ओळीत जुळवायची हातात धरायची पट्टी) आणि मूठभर खिळे काढले, प्रत्येकाला ‘दर्पण’ जुळवायला लावलं. अक्षर उलटं, पण ओळ डावीकडूनच भरायची. खिळ्याची खाच अंगठ्याला लागली की दिशा बरोबर आहे हे न बघता कळतं. रफारापाशी बहुतेक जण अडले. कॉलेजातल्या एका मुलीनं छान जुळवलं, पण ओळ घट्ट बसवली नव्हती; स्टिक कलली आणि सगळं फुटपाथवर. वेचायला आम्ही सगळेच वाकलो. छापून झालेला मजकूर सोडवून प्रत्येक खिळा परत आपल्या खान्यात टाकायचा, हेही जुळाऱ्याचंच काम. ते चुकलं तर उद्याच्या अंकात ‘च’च्या जागी ‘व’ येणार!

सगळ्यात भारी भाग हायकोर्टासमोरचा. १८६७ च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण सक्तीचं झालं. लेख कुणाचाही असो, मुद्रक सरकारच्या हाती सापडायचाच. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांसोबत ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. ज्युरीनं त्यांना निर्दोष ठरवलं, टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांची शिक्षा आम्ही शाळेत पाठ केली होती. बाळांचं नाव एकाही गुरुजींनी घेतलं नव्हतं. ते नाव ताईंनी मोठ्यानं, पूर्ण घेतलं, तेव्हा मला भरून आलं.

उणं एकच मोठं. ‘मुंबई समाचार’च्या लाल इमारतीपाशी पोहोचेपर्यंत वेळ संपलेला असतो. फर्दुनजी मर्झबान आधी पुस्तकबांधणी करायचे, १८१२ मध्ये त्यांनी छापखाना काढला, आणि १८२२ मध्ये सुरू केलेला त्यांचा हा पेपर आजही निघतो. अशा माणसाला दहा मिनिटं म्हणजे अन्याय आहे. काळबादेवीतल्या थांब्यांपैकी एक कमी करावा, असं मी ताईंना सांगितलंय.

दुपारची फेरी घेऊ नका, हातगाड्यांच्या गर्दीत काही ऐकू येत नाही. आणि खिळे शिशाचे असतात, नंतर हात धुवायची सोय नाही. साबण आणि पाण्याची बाटली घरूनच न्या, विशेषतः बरोबर मुलं असतील तर.