वेंटॉयचा पेनड्राइव्ह: पावसाळाभर वापरून झाल्यावर

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते: लिनक्सची दोन-चार मशीन सांभाळत असाल तर वेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून वेगवेगळ्या सिस्टम सुरू करू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेला एक पेनड्राइव्ह जवळ ठेवाच. माझा ६४ जीबीचा आहे. पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतले कॉम्प्युटर माझ्याकडे असतात. सगळे सेकंडहँड, सगळ्यांवर लिनक्सचा मिंट हा प्रकार, आणि यूपीएस मोजक्यांनाच. गुरुवारी वीज गेली की शुक्रवारी सकाळी फोन ठरलेला, “ताई, काळी स्क्रीन आलीये. फॉरमॅट मारायचा का?”

वेंटॉय २०२० मध्ये आलं. एकदा बसवलं की पेनड्राइव्हचे दोन भाग होतात, एक मोठा, एक्सफॅट या फॉरमॅटचा, आणि एक ३२ एमबीचा, वेंटॉयचा स्वतःचा. मोठ्या भागात आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टम मावलेल्या फायली, नुसत्या कॉपी करायच्या. बूट करताना, म्हणजे मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करताना, सगळ्या मेनूत दिसतात. माझ्याकडे मिंट, सिस्टमरेस्क्यू (दुरुस्तीसाठीचं लिनक्स) आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारं) एवढ्याच आहेत. उरलेल्या जागेत मुलांच्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ.

आता थोडं उलटं वाटेल, पण बऱ्याचदा पेनड्राइव्ह खिशातून काढावाच लागत नाही. मशीन नेमकं कुठे अडलंय ते आधी बघायचं. ‘इनिटरामएफएस’ असा प्रॉम्प्ट आला असेल तर बहुतेक वेळा वीज गेल्याने फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, बिघडलेली असते. तिथेच डिस्कच्या त्या भागावर (पार्टिशनवर) एफएसचेक, म्हणजे ही मांडणी तपासून दुरुस्त करणारी fsck कमांड, चालवून रीबूट केलं की बहुधा भागतं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली तर सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणायचा आणि आधीचा कर्नल निवडायचा. एका मशीनने मात्र सगळ्यांना घाबरवलं होतं. रोज दीड मिनिट ढिम्म, मग इमर्जन्सी मोड. बॅकअपची जुनी हार्डडिस्क कुणीतरी काढून नेली होती, पण सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये तिची ओळ तशीच होती. सिस्टमडी (मशीन सुरू होताना सगळं चालू करणारा प्रोग्राम) नव्वद सेकंद त्या डिस्कची वाट बघतं आणि मग हात टेकतं. ओळ काढली, प्रश्न मिटला. डिस्क अधूनमधून लावायची असेल तर त्या ओळीत ‘नोफेल’ (nofail) घाला, म्हणजे ती नसली तरी मशीन अडत नाही.

पेनड्राइव्ह खरा कामाला येतो तो ग्रबच उडाल्यावर. मिंटच्या लाइव्हमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटमध्ये, बूट रिपेअर हे ग्रब दुरुस्त करणारं टूल आधीपासून असतं, त्यामुळे पार्टिशन माउंट करा (जोडून घ्या), सीएचरूट करा (त्यातल्या सिस्टममध्ये शिरा), ग्रब पुन्हा बसवा ही हाताची कसरत मला क्वचितच करावी लागते. फक्त पेनड्राइव्ह मशीनच्याच पद्धतीने बूट झालेला हवा. यूईएफआयचं (सुरू होण्याच्या नव्या पद्धतीचं) मशीन लेगसीत (जुन्या पद्धतीत) उघडलं तर दुरुस्ती भलत्याच जागी होते.

दुसरा उपयोग निदानाचा. लाइव्हमध्येही आतली डिस्क दिसत नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. एका जुन्या मशीनवर तारीखही कित्येक वर्षं मागे गेलेली होती: मदरबोर्डवरचा सेल संपला होता, बायोसच्या सेटिंग मूळपदावर आल्या होत्या आणि त्यात साटा मोड (मशीन डिस्कशी कसं बोलतं ती सेटिंग) बदलला होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, सीआर२०३२ सेल आणला, मोड परत एएचसीआय केला. एवढ्यासाठी कुणी नवं मशीन घ्यायला निघालं होतं!

तक्रारी आहेतच. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू असेल तर पहिल्यांदा निळी स्क्रीन येते आणि वेंटॉयची की नोंदवावी लागते; नवख्या माणसाला तो व्हायरसच वाटतो. मोठी आयएसओ कॉपी करताना पट्टी शंभर टक्के दाखवते, पण आत लिहिणं चालूच असतं, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय ओढू नका. आणि वेंटॉयच्या सोर्स कोडमध्ये आधीच बनवलेल्या बायनरी फायली आहेत, म्हणजे आत काय आहे ते सहज वाचता येत नाही, यावर २०२४ मध्ये बरीच चर्चा झाली. अभ्यासिकेसाठी मला ते चालतं. ऑफिसच्या मशीनवर मी वापरणार नाही.

सोबत टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टमच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारं टूल, लावून ठेवा. लाइव्हमधून जुना स्नॅपशॉट परत आणता येतो. मात्र होम फोल्डर त्यात आपोआप येत नाही, नोट्सचा बॅकअप वेगळा घ्यायचा. डिस्क खरखरत असेल तर एफएसचेकच्या वाटेला जाऊ नका. सिस्टमरेस्क्यू उघडून आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधून वाचेल तेवढं काढणाऱ्या टूलने) दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, मग त्या प्रतीवर काय ते करा.