किन्शासाची नगरे आणि नैरोबीचे चष्मे
आफ्रिकेच्या भविष्याची कल्पना मांडणाऱ्या कलेत मला दोन वाटा विशेष महत्त्वाच्या वाटतात. काँगोची राजधानी किन्शासा येथील बोडिस इसेक किंगेलेझ (१९४८–२०१५) यांनी कागद, पुठ्ठा आणि टाकाऊ वेष्टनांपासून रंगीबेरंगी नगरांच्या प्रतिकृती उभारल्या. १९९६च्या ‘वील फांतोम’ (आभासी नगर) या प्रतिकृतीत त्यांनी पोलिसांची गरजच नसलेले शहर कल्पिले, आणि वसाहतवाद व हुकूमशाही सोसलेल्या देशाच्या पार्श्वभूमीवर हा तपशील थेट राजकीय दावा ठरतो.

नैरोबीचे सायरस काबिरू यांनी शहराऐवजी चेहरा निवडला. तारा, बाटल्यांची झाकणे आणि इलेक्ट्रॉनिक कचरा जोडून घडवलेले त्यांचे ‘सी-स्टनर्स’ चष्मे प्रत्यक्ष घालता येतात, त्यामुळे ते शिल्प, दागिना आणि मुखवटा यांच्या सीमेवर उभे राहतात.

किंगेलेझ यांच्या नगरांत माणूस दिसत नाही. काबिरूंच्या कलाकृतीला माणसावाचून पूर्णत्व नाही. डिझाइनच्या विद्यार्थ्याने आरंभ काबिरूंपासून करावा, कारण तेथे साहित्य हाताशी असते. परंतु समाजाची संपूर्ण मांडणी नव्याने कल्पिण्याचे धाडस किंगेलेझ यांच्याकडेच अधिक आहे, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन २०१८मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर भरवले, याची खंत वाटते.